कच्च्या टाक्याचं चिलखत

लढाईला निघालेल्या बाईने अंगात काय घालावं, या विषयावर मी हिंगणघाटात एका माणसाशी दोन वर्षं भांडलो. माणूस म्हणजे रूपराव टेलर आणि बाई म्हणजे माझ्या व्हिडिओ गेम पार्लरच्या टीव्हीतली. भांडण मी हरलो. हे कबूल करायला मला पुढे आणखी काही वर्षं लागली, कारण आमच्या घरात चूक मान्य करायची पद्धत नाही.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर मी पार्लर टाकलं. वडिलांचं, मधुकररावांचं, भर बाजारात कापडाचं दुकान. मी तिथे गादीवर बसावं, ही त्यांची इच्छा. मला दिवसभर थान उलगडून दाखवायचं आणि गिऱ्हाईक गेलं की पुन्हा गुंडाळायचं, याचा वीट आला होता. त्यावरून आमचा अबोला झाला आणि मी जिनिंगच्या रस्त्यावर एक गाळा घेऊन त्यात चार टीव्ही मांडले. शेजारच्या गाळ्यात ‘आनंद टेलर्स’. मध्ये प्लायवुडचं पार्टिशन, त्यामुळे त्यांच्या मशीनची खडखड माझ्याकडे आणि माझ्या तलवारींचा खणखणाट त्यांच्याकडे. तिसऱ्या दिवशी रूपराव तक्रार करायला म्हणून आले आणि टीव्हीसमोर उभेच राहिले.

पन्नाशीचे, किडकिडीत, गळ्यात टेप, कानावर खडूचा तुकडा. जिनिंगच्या रस्त्यावर त्यांची एकच ख्याती होती: रूपरावांची शिलाई उसवत नाही. कापड विरेल, कॉलर झिजेल, शर्टाचं शेवटी पायपुसणं होईल, पण शिवण जागची हलणार नाही. कपडा तयार झाला की ते गिऱ्हाइकासमोर दोन्ही हातांनी शिवण ओढून दाखवायचे आणि मगच घडी घालायचे. जरा जास्तच मिरवायचे, असं मला तेव्हा वाटायचं.

त्या दिवशी पडद्यावर होती ती बाई, जिला पोरं ‘तलवारवाली’ म्हणत. छातीला सोनेरी पत्रा, खांद्यांवर सुपाएवढ्या टोकदार ढाली, पाठीवर टाचेपर्यंत लाल झूल, केस मोकळे, आणि पोट मात्र सगळं उघडं. रूपरावांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं, गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसं.

“इचं पोट उघडं काऊन?” त्यांनी विचारलं.

पोरं खिदळली. मी म्हणालो, रूपरावजी, ही स्टाइल आहे. त्यावर त्यांचं म्हणणं पडलं की तलवार तर पोटातच मारतात. मग खांद्यांवर आले. एवढी ढाल खांद्यावर असली तर हात कानाच्या वर जाणार नाही, हिला बाही फिरायला मुंढाच ठेवलेला नाही, ही वरून वार करते कशी? शेवटी त्या लाल झुलीकडे बोट दाखवून म्हणाले, हे मागून कोणी धरून ओढलं तर? हे विचारताना त्यांचा आवाज उतरला होता. माझ्या ते लक्षात आलं, पण मी लक्ष दिलं नाही.

त्या दिवसापासून दुपारचा चहा ते माझ्याकडे घेऊ लागले. त्यांचा आवडता गडी वेगळाच होता. त्याच गेममध्ये डोक्यापासून पायापर्यंत करड्या लोखंडात मढवलेला एक सैनिक होता, पोरं त्याला ‘लोखंड्या’ म्हणायची. त्याला वार लागतच नसत. पण अख्ख्या दिवसात त्याला एकही पोर निवडायचं नाही. रूपराव त्याच्या कोपराचे सांधे, बगलेत हात हलायला सोडलेली कळी दाखवत मला समजावायचे की बघा, ह्याला ज्याने कापला त्याला काम येतं. मी म्हणायचो, येत असेल, पण त्याला कोणी हात लावत नाही, त्याचं काय? माझं दुकान तलवारवालीवर चालतं. ते चिडून चहा अर्धा टाकून निघून जायचे आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर यायचे.

त्यांच्या घरचं जे साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं ते मलाही ठाऊक होतं. बायको आनंदाबाई. तिच्याच नावाचं दुकान. ती पूर्वी जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी करायच्या यंत्रावर, कापूस टाकायच्या कामाला होती. एकोणनव्वदच्या हंगामात रेचा फिरवणाऱ्या पट्ट्यात तिची बाही सापडली आणि उजवा हात कोपराखाली गेला. रोज दुपारी ती डाव्या कोपरात डब्याची पिशवी अडकवून दुकानात यायची. बोलायची कमी, पण माझ्या पार्लरमधल्या आरड्याओरड्यावर कधी तोंड वाकडं केलं नाही. एकच मुलगी, मंजुषा. तिचं लग्न गावातच झालं होतं, नवरा टेम्पो चालवायचा. आणि लग्नाच्या दुसऱ्याच हंगामात मंजुषा त्याच जिनिंगमध्ये, त्याच रेच्यांच्या रांगेत कामाला लागली. बापाने परोपरीने सांगून पाहिलं. ती म्हणाली, चार महिन्यांचं काम आहे, सगळ्याच जातात.

आमच्याकडे कापसात काम करणारी बाई लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवते. वेचणीला तसं, जिनिंगला तसं. फुलबाह्यांचा, ढगळ, मनगटाला लोंबणारा शर्ट. वेचणीत तो काट्याकुट्यापासून वाचवतो. पण फिरत्या पट्ट्याजवळ हे लोंबणं काय करतं, ते रूपरावांच्या घरात रोज डोळ्यांसमोर होतं. मंजुषा नवऱ्याचा शर्ट घालून दुकानावरून कामाला जायची तेव्हा पार्टिशनपलीकडची मशीन थांबायची. ती वळणावर दिसेनाशी झाली की पुन्हा चालू व्हायची.

अठ्ठ्याण्णवच्या हंगामाआधी त्यांनी एक कपडा काढला. कॉलर नाही, खिसा नाही, पुढे बटण नाही. मनगट घट्ट, पदर आत दाबून ठेवायला आतून पट्टी, केस बांधायला मागे टोपी, आणि पाठीला टिचबटणं. काही सापडून हिसका बसला तर पाठ आपोआप उघडी व्हावी म्हणून. हे सगळं त्यांनी पांढऱ्या मांजरपाटात शिवलं, कारण पांढऱ्यावर कापसाचा तंतू दिसत नाही आणि कपडा दिवसभर स्वच्छ वाटतो. मंजुषाच्या रांगेतल्या सात जणींसाठी सात नग. कुणाकडून काही घेतलं नाही. बायकांनी एक दिवस घातले. दुसऱ्या दिवशी सातही जणी नवऱ्यांच्या शर्टात.

मंजुषाच्या सासूने तर तो कपडा परत धाडला. वर निरोप, की आमचा पोरगा अजून जिता आहे.

रूपराव माझ्याकडे येऊन बसले. त्यांना खरंच कळत नव्हतं. नवऱ्यांचे शर्टही पांढरेच असतात की, मग ते कसे चालतात? मला हसू आलं आणि रागही आला. इतकी वर्षं बायकांची मापं घेतली आणि एवढं कळू नये! मी म्हणालो, नवऱ्याचा शर्ट पांढरा असला तरी नवरा घरी आहे असं सांगतो. नवा कोरा मांजरपाट बाईच्या डोक्यावरून खाली आला की दुसरंच काही सांगतो. मी कापडवाल्याचा पोरगा आहे, आमच्या दुकानातून मांजरपाट सवाशिणीसाठी फाडलेला मी कधी पाहिला नाही. आणि मग, माझ्या जिभेला हाड नाही म्हणून, पुढे म्हणालो, “रूपरावजी, तुम्ही लोखंड्या शिवला. चांगला शिवला. पण त्याला कोणी हात लावत नाही.”

ते उठून गेले. चार दिवस चहाला आले नाहीत. तो हंगाम मंजुषाने नवऱ्याच्या शर्टातच काढला, आणि रोज सकाळी मशीन थांबायची.

पुढच्या दिवाळीच्या सुमारास माझ्यावर संकट आलं. बसस्टँडजवळ सहा टीव्हींचं दुसरं पार्लर निघालं आणि माझी पोरं तिकडे पळाली. मी ठरवलं की तलवारवालीचा खराखुरा पोशाख शिवून दाराशी उभा करायचा. कपडे चढवायचा एक जुना पुतळा वडिलांच्या माळ्यावर पडून होता, तो आईला सांगून गुपचूप आणला. शिवणार कोण, हा प्रश्नच नव्हता. रूपरावांनी आधी साफ नाही म्हटलं. उघड्या पोटाचं काही आपण शिवत नाही. मग अट घातली: कापणी माझ्या मनाची, पोट झाकलेलं, हात पूर्ण वर जाणार, मागची झूल नाही. मीही अट घातली, की लांबून चमकलं पाहिजे. दोघंही कुरकुरत कबूल झालो.

पंधरा दिवस लागले. जांभळं मखमली कापड, आत कापूस भरून शिवलेल्या उभ्या रेघा, छातीवर सोनेरी रेक्झीनच्या पट्ट्या, कडेने जरीचा गोट. खांद्यावर एक मोठी ढाल न लावता त्यांनी एकाखाली एक सरकणाऱ्या पाच पाकळ्या लावल्या. हात वर केला की पाकळ्या एकमेकींत शिरायच्या आणि मुंढा मोकळा राहायचा. पुतळ्यावर चढवल्यावर मी टीव्हीकडे पाहिलं आणि पुन्हा पुतळ्याकडे. दोन वर्षं मी ज्या स्टाइलचा झेंडा मिरवत होतो ती ही होती, आणि टीव्हीतली बाई तिच्यापुढे उघडीवाघडी आणि थोडी केविलवाणी दिसत होती. पोरं परत आली. पुतळ्याला हात लावायला रांग लागली.

पण खरी गोष्ट दुपारी घडली. जिनिंगची जेवणाची सुट्टी झाली आणि बायका रस्त्याने आल्या. मंजुषा आणि तिच्याबरोबरच्या चार जणी पुतळ्यासमोर थांबल्या. कापसाने माखलेल्या हातांनी त्यांनी गोट चाचपला, पाकळ्या वरखाली करून पाहिल्या. रूपराव ओठांत सुई धरून बाहेर आले.

मंजुषा म्हणाली, “बाबा, आमाले असं शिवून द्या ना. कामावर घालाले.”

त्यांनी ओठांतली सुई काढली आणि माझ्याकडे पाहिलं. कापणी तीच होती. तोच घट्ट मनगटाचा, पाठीला टिचबटणांचा, बिनकॉलरचा लोखंड्या. फक्त जांभळा, आणि सोन्याच्या कडेचा.

रंगीत कापड हवं होतं. मी वडिलांच्या दुकानात गेलो. दोन वर्षांनी पायरी चढलो. काय पाहिजे, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी उरलेल्या थानांचे तुकडे स्वतः काढून दिले, मोरपंखी, डाळिंबी, हळदी. गोटाचं रीळही दिलं. जाताना म्हणाले, जेवायला येत जा.

नुकत्याच सुरू झालेल्या हंगामासाठी रूपरावांनी सात जाकिटं शिवायला घेतली, प्रत्येकीच्या आवडीचा रंग. मंजुषाचं डाळिंबी. ते तयार होऊन दोरीवर लटकत होतं तेव्हा मी सहज आत गेलो आणि त्यांच्याच सवयीप्रमाणे बाही धरून शिवण ओढली. कौतुकाने ओढली होती. अख्खी बाही मुंढ्यातून सुटून माझ्या हातात आली.

माझं डोकं भडकलं. मुंढ्याला कच्चा टाका घातला होता, शिंपी कापड तात्पुरतं धरून ठेवायला घालतो तसा. मी रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो की वरून सोनं आणि आतून ही फसवणूक? परक्याचं जाऊ द्या, स्वतःच्या पोरीला कच्ची शिलाई?

रूपरावांनी शांतपणे शटर अर्धं खाली ओढलं. स्टुलावर बसले. बाही माझ्या हातातून घेऊन मांडीवर ठेवली.

“त्या दिवशी आनंदाच्या अंगात माझा शर्ट होता,” ते म्हणाले. “मीच शिवलेला. डबल शिलाई. पट्ट्यानं बाही धरली. दुसऱ्या कोन्या टेलरचा शर्ट असता तं बाही उसवून गेली असती, हात राह्यला असता. माही शिलाई उसवली नाई, हेमराजभाऊ.”

मी म्हणालो, दोष तुमचा कसा? पट्ट्यावर जाळी बसवायला जिनिंगवाल्यांना काय झालं होतं? ते म्हणाले, दरवर्षी जाऊन सांगतो, दरवर्षी पुढच्या हंगामात बसवू म्हणतात. मग पार्टिशनकडे हात करून म्हणाले, “तुमच्या टीवीतलं सारं पाह्यलं मी. तलवारवालीचं, लोखंड्याचं. एकबी कुठं सुटत नाई. मले तं धरलं का सुटलं पाहिजे. एवढंच पाहिजे.”

मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. ज्या माणसाने गिऱ्हाइकासमोर तीस वर्षं शिवण ओढून दाखवली, त्याने ती गेली दहा वर्षं कशाची आठवण होत ओढली असेल? पण मी दुकानदार. लाज वाटत असतानाही माझं डोकं व्यवहारात चालतं. मी विचारलं, हे मंजुषाला सांगितलंत का? ते नाही म्हणाले. मी म्हणालो, ती टेलरची पोरगी आहे. बाही जरा सैल लागली की पहिल्याच रविवारी बसून डबल शिलाई मारेल.

त्यांचा चेहरा पडला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मंजुषाला सांगायचं म्हणजे का, ते सांगावं लागणार. आणि का ते सांगितलं की आनंदाबाईला कळणार. दहा वर्षं हे त्यांनी तिच्यापासून लपवून ठेवलं होतं.

दोन दिवस दुकान उघडं होतं, पण मशीन चालली नाही. तिसऱ्या दिवशी चहाला आले तेव्हा डोळे सुजलेले होते. त्यांनी मंजुषाला बोलावून दोघींसमोर सगळं सांगून टाकलं होतं. मंजुषा रडली. आनंदाबाई रडली नाही. ती म्हणाली, मला त्याच दिवशी कळलं होतं. मी हात ओढत होते आणि त्या शिवणीकडेच पाहत होते, की आता सुटेल, मग सुटेल. रूपरावांनी विचारलं, मग बोलली का नाहीस? तिचं उत्तर त्यांनी मला तिच्याच शब्दांत सांगितलं: “तुमी मशीन बंद केली असती. मंग आपन खाल्लं काय असतं?”

त्या दुपारी आनंदाबाई डबा घेऊन आली आणि परत गेली नाही. मंजुषाचं डाळिंबी जाकीट तिने मांडीवर ओढलं. रूपरावांना कच्चा टाका एखाद्या मुंढ्याला साधायचा, पण पुढच्याला तीस वर्षांचा हात त्यांना दगा द्यायचा, टाके आपोआप बारीक आणि घट्ट पडायचे. ती उजव्या कोपराच्या थोट्याखाली कापड दाबायची आणि डाव्या हाताने टाका घालायची. लांब, सैल, वाकडातिकडा. दिवसभराच्या कामाला पुरेल आणि हिसका बसला की सुटेल, असा. सुईत दोरा तेवढा तिला ओवता यायचा नाही. तो रूपराव ओवून द्यायचे. तेव्हापासून त्या दुकानातल्या जाकिटांचे मुंढे तिचेच.

बायकांनी तो हंगाम जाकिटं घातली, मग पुढचाही. इतर रांगांतल्या बायका येऊन रंग सांगून जाऊ लागल्या. आणि आता मंजुषा सकाळी जायची तेव्हा मशीन थांबायची नाही, फक्त जरा हळू व्हायची.

दोन हजार एकचा फेब्रुवारी. दुपारची वेळ, पण सुट्टीला अवकाश होता. मी पार्लरच्या दारात उभा होतो. मंजुषा रस्त्याने एकटीच येताना दिसली, भरभर. डाळिंबी जाकिटाची उजवी बाही नव्हती. पाठीची टिचबटणंही उघडी होती. दंडापासून बोटांपर्यंत हात उघडा, कोपराला खरचटलेलं. मी तिच्यामागून टेलरिंगच्या दुकानात शिरलो.

आनंदाबाई डबा उघडत होती. रूपराव मशीनवर. मंजुषाने तो हात कापणीच्या टेबलावर ठेवला.

“बाबा, शिलाई उसवली,” ती म्हणाली. “बाही पट्ट्यावरच हाय.”

रूपराव उठले नाहीत. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि बोटं एकेक करून दाबून पाहिली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मग मनगट, मग कोपर. बराच वेळ.

“पुन्हा म्हन,” ते म्हणाले.

“शिलाई उसवली, बाबा.”

आनंदाबाईने डबा बाजूला सारला. नव्या बाहीसाठी दोरीवरचा डाळिंबी तुकडा ओढून मांडीवर घेतला, कोपराखाली दाबला आणि नवऱ्यापुढे सुई धरली. रूपरावांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला. दोरा काही जाईना.

शेवटी सुई मी घेतली आणि दोरा ओवून आनंदाबाईच्या हातात दिला.